आंग्र्यांच्या खलाशाचा वेश कसा करावा?

आजच्या भागाची सुरुवात सदाशिव पेठेतल्या एका ड्रेपरीच्या दुकानातून होते. जानेवारीची दुपार. आमच्या ओळखीतली सात-आठ पोरं, त्यातली निम्मी इंजिनिअरिंगची, दरवर्षी शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळे होतात. यंदा त्यांच्या डोक्यात आलं की घोडे, मावळे, तोफ हे सगळे करतात. आपण आरमार करू. ट्रकवर जहाज आणि त्यावर कान्होजी आंग्र्यांची माणसं. कल्पना छानच. मग दुकानातून मला फोन आला. "काका, इथे पायरेटचा ड्रेस आहे. काळी टोपी, डोळ्यावर पट्टी, हुकचा हात, सगळं आहे. आंग्र्यांचा म्हणून वेगळा काही नाहीये. टोपी काढून फेटा बांधला तर चालेल का?"

मी हसलो. पण फोन ठेवल्यावर वाटलं, पोराचा प्रश्न काही अगदीच वेडगळ नाही. 2007 साली 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'चा तिसरा सिनेमा आला, त्यात जगभरच्या चाच्यांची सभा भरते. त्या सभेत हिंदी महासागराचा प्रतिनिधी म्हणून एक दाढीवाला, पगडीवाला इसम बसलेला आहे. नाव काय, तर श्री सुंभाजी. म्हणजे आपले संभाजी आंग्रे, कान्होजींचे चिरंजीव! हॉलिवूडनं त्यांना टोपी काढून फेटा बांधला आणि चाच्यांच्या रांगेत बसवलं. दुकानातला पोरगा तेच करत होता, फक्त भाड्यानं.

तर आज आपण दोन गोष्टी बघू. आंग्र्यांच्या आरमाराचा देखावा करायचा तर जहाज, कपडे, हत्यारं यांत काय बरोबर, काय चूक. आणि त्या ओघात तो जुना प्रश्न येणारच: कान्होजी चाचे होते का? तीन-चार वर्षांपूर्वीच्या एका भागात मी याचं उत्तर एका वाक्यात देऊन मोकळा झालो होतो. "छे, हा निव्वळ इंग्रजांचा अपप्रचार." आज तसं बोलणार नाही. उत्तर अजूनही 'नाही' असंच आहे, पण ते इतकं स्वस्त नाही.

आधी ड्रेपरीवाल्याच्या चाच्याचा निकाल लावू. डोळ्यावरची पट्टी, हुकचा हात, खांद्यावरचा पोपट, फळीवरून समुद्रात चालायला लावणं, यातलं बहुतेक सगळं गोष्टींतून, नाटकांतून आणि सिनेमांतून आलंय. चाच्यांचं ते घोगरं, 'आर्र' करत बोलणं? ते 1950 च्या 'ट्रेझर आयलंड' सिनेमातल्या रॉबर्ट न्यूटन या नटाचं देणं. तो नैऋत्य इंग्लंडमधला, त्यानं आपल्या गावाकडचा हेल लावला आणि तोच जगाच्या डोक्यात बसला. कवटीचा झेंडा मात्र खरा. साधारण 1700 पासून पुढची वीस-पंचवीस वर्षं अटलांटिकमधले काही चाचे तसले झेंडे लावत. म्हणजे काळ कान्होजींचाच, पण समुद्र दुसरा. आपल्या ट्रकवर भगवाच.

आणि खरे चाचे आपल्या किनाऱ्यावर येऊन गेलेच नाहीत असं समजू नका. 1695 च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्यानं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटलं. मक्केहून परतणारे यात्रेकरू होते त्यावर. लूट तर झालीच, बायकांवर अत्याचार झाले, आणि त्याचा राग म्हणून सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना बादशहानं बेड्या घातल्या. त्या वेळी कान्होजी पंचविशीत होते. थोडक्यात, 'चाचा' या शब्दाचा अर्थ इंग्रजांना नीट ठाऊक होता. त्यांच्याच घरचे होते.

आता जहाजाकडे. पोरांनी थर्माकोलचं जे जहाज करायला घेतलं होतं, त्याचं पुढचं टोक गोल आणि फुगीर होतं, मागची बाजू तीन मजली माडीसारखी, आणि पुढे लाकडी बाईची मूर्ती लावायचा विचार चालला होता. हे युरोपी गलिअन झालं. आंग्र्यांची मुख्य जहाजं दोन प्रकारची: गुराब आणि गलबत. त्यांचं सगळ्यात चांगलं वर्णन ऑर्म नावाच्या कंपनीच्या इतिहासकारानं करून ठेवलंय, आणि ते इतकं तपशीलवार आहे की सुताराला वाचून दाखवलं तरी तो जहाज करून देईल.

गुराबाला बहुधा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीन डोलकाठ्यांचं गुराब साधारण 300 टनांचं, दोनचं 150 टनांचं. लांबीच्या मानानं रुंद आणि तळ उथळ, म्हणजे खाड्यांत बिनधास्त शिरणारं. मधून पुढे निमुळतं होत जातं आणि टोकाला लांब चोच बाहेर आलेली असते. गंमत त्या चोचीत आहे. मुख्य डेक आणि चोच यांच्यामध्ये एक आडवी भिंत. त्या भिंतीला भोकं, आणि त्या भोकांतून पुढे तोंड केलेल्या दोन मोठ्या तोफा, नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या. त्या चोचीवरून पुढे मारा करतात. आणि चोचीला कठडाच नाही. समोरून लाट आली की असलं जहाज नाक खुपसतं. कठडा असता तर पाणी साचलं असतं. कठडा नसल्यानं पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जातं. पोरांना मी सांगितलं, बाईची मूर्ती काढा, कठडा काढा, अर्धं थर्माकोल वाचेल. हे ऐकून त्यांचा खजिनदार फार खूश झाला.

गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं. एक मोठं त्रिकोणी शीड, आणि चाळीस-पन्नास वल्ही. बऱ्याच गलबतांचा डेक चिरलेल्या बांबूंचा असे, कारण वजन कमी ठेवायचं. त्यावर जड तोफा पेलत नाहीत म्हणून खुंट्यावर फिरणाऱ्या छोट्या तोफा. वल्ह्यांवर वेग किती? ताशी चार मैल. म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आतबाहेर. पहाटे सारसबागेपाशी झपाझप फेऱ्या मारणारे काका लोक असतात ना, साधारण तोच वेग. कमी वाटतो. पण वारा पडलेला असताना तीन डोलकाठ्यांचं इंग्रजी जहाज ताशी शून्य मैलानं जातं, हे लक्षात घ्या.

त्यांचं सगळं युद्धतंत्र या एका गोष्टीवर उभं होतं. युरोपी जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना. मागे फार थोड्या. वारा पडला की ते जहाज वळू शकत नाही. अशा वेळी गलबतं दोर लावून गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला न्यायची. गुराबं आपल्या पुढच्या तोफांनी शत्रूच्या डोलकाठ्या आणि शिडं तोडायची. जहाज पांगळं झालं की दोन-दोनशे, तीन-तीनशे माणसं भरलेली गलबतं चहूबाजूंनी भिडायची आणि तलवारी घेऊन लोक वर चढायचे. सिनेमात दोन जहाजं कुशीला कूस लावून तोफा डागतात. तसं करायला गेलं असतं तर आंग्र्यांचं आरमार वर्षभरात संपलं असतं. म्हणून देखाव्यात एकटं गुराब ठेवू नका. गुराबाच्या पुढे दोर लावलेलं एक गलबत हवंच. खरं तर सगळ्या चित्रात तो दोरच महत्त्वाचा.

दोर म्हटल्यावर बाजाराचं बोलू. नायलॉनचा पांढरा दोर आणू नका. काथ्याचा आणा, बोहरी आळीत मिळतो. गलबताच्या डेकसाठी बांबू बुरूड आळीतून चिरूनच घ्या, घरी चिराल तर बोटं कापून घ्याल. (एकानं घेतलंच कापून.) लाकूड अर्थातच सागाचं, पण ते ट्रकवर कुणाला परवडतंय, प्लायवूडला रंग द्या. सागावरून एक आठवलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात जहाजांच्या लाकडाबद्दल बजावलंय की साग वगैरे जंगलातून परवानगीनं घ्यावा. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं असतं, पण त्या झाडांना हात लावू नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं. आरमाराच्या प्रकरणात हे वाक्य यावं याचं मला दर वेळी नवल वाटतं. लढाऊ जहाज बांधायच्या घाईत असलेला माणूस फणसाच्या झाडाच्या मालकाला विचारायला थांबतोय.

त्याच प्रकरणात पावसाळ्याची व्यवस्था आहे. पाऊस लागण्याआधीच जहाजं किल्ल्याच्या आडोशाला, चांगलं बंदर बघून ओढून ठेवायची. हंगाम सुरू व्हायचा नारळी पौर्णिमेच्या सुमाराला. तेव्हा एखाद्या नाटकात किंवा रीलमध्ये धो धो पावसात, विजांच्या कडकडाटात आंग्रे शत्रूच्या जहाजावर तुटून पडताना दिसले, तर समजा की लिहिणाऱ्यानं श्रावणातला कोकण किनारा बघितलेला नाही.

कपड्यांवर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. पोरांना जरीचा मंदिल, लाल अंगरखा, तुमान, कमरेला शेला असं सगळं हवं होतं. फोटोत छान दिसतं, मान्य. पण अंगरखा घालून वल्हं मारून बघा. आम्ही मारून बघितलं, एका टेरेसवर, झाडूच्या दांड्यांनी. दहा मिनिटांत दोघांनी अंगरखे काढले. आंग्र्यांच्या जहाजांवरचे लोक म्हणजे कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, शिवाय किनाऱ्यावरचे मुसलमान दर्यावर्दी. शिवकाळापासूनच हे असं मिश्र आरमार. मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावं जोडीनं येतात ती उगाच नाही. वल्ह्यावर बसणारा माणूस उघडा, कमरेला आखूड वस्त्र किंवा कोळ्यांचा रुमाल, डोक्याला बांधलेलं फडकं, पाय अनवाणी. ओल्या फळीवर चपला घालून कोण नाचेल? अंगरखा आणि पागोटं असेल ते सुभेदाराला, कारकुनाला, सरदाराला. तांडेल, सारंग, गोलंदाज, खलाशी अशी कामांची उतरंड होती, ती कपड्यांतूनही दिसू द्या. दहा जणांनी दहा सरदार व्हायचं आणि जहाज वल्हवायला कुणीच नाही, हा आपल्याकडच्या देखाव्यांचा जुनाच आजार आहे.

हत्यारांत मात्र एक सुंदर गोष्ट आहे. चाच्याची म्हणून जी आखूड वाकडी तलवार मिळते ती परत करा, आणि फिरंग शोधा. सरळ, लांब पातं आणि बोटं झाकणारी मूठ. नावच सांगतं, पातं फिरंग्यांकडून, म्हणजे युरोपातून समुद्रमार्गे आलेलं, मूठ इथली. केळकर संग्रहालयात शस्त्रं बघायला जाल तेव्हा मुठीकडे आणि पात्याकडे वेगवेगळं बघा. बंदूक तोड्याची. म्हणजे पेटत्या वातीची, आणि होडीत ती वात कोरडी ठेवणं हीच अर्धी लढाई. आणि कृपा करून, मिरवणुकीत धार लावलेली तलवार नेऊ नका. शस्त्र कायदा इतिहासप्रेमाची सवलत देत नाही. फायबरची घ्या, लाकडाची घ्या.

एवढं झाल्यावर पोरांना वाटलं की झालं सगळं. मी म्हटलं, मुख्य वस्तू राहिली. कागद.

कागद म्हणजे दस्तक. हा समुद्रातून जाण्याचा परवाना. पद्धत पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणली, त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. हिंदी महासागरात फिरायचं तर आमचा कागद घ्या, नाहीतर जहाज जप्त. इंग्रजांनीही आपले पास चालवले, जंजिऱ्याच्या सिद्दीनंही आपला हक्क सांगितला. मग कान्होजी म्हणाले, हा किनारा आमच्या छत्रपतींचा, तर आमचा दस्तक घ्या. बास. सगळ्या वादाचं मूळ एवढंच आहे. दस्तक असलेल्या जहाजाला हात लावायचा नाही, नसलेलं पकडून बंदरात आणायचं. हेच काम पोर्तुगिजांनी केलं की राज्यकारभार, आणि आंग्र्यांनी केलं की चाचेगिरी. कान्होजी कुणी भटके लुटारू नव्हते. मराठी राज्याचे सरखेल होते. 1713-14 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं, तेव्हा सरखेलीवर आणि किल्ल्यांवर रीतसर शिक्कामोर्तब झालं. चाच्याला कुणी करारनामा करून किल्ले देत नाही.

इंग्रजांशीही 1713 मध्ये तह झालाच होता. तो मोडला कशावरून? पुन्हा कागदावरून. इंग्रज देशी व्यापाऱ्यांच्या मालाला आपल्या झेंड्याचं पांघरूण घालू लागले. कान्होजींचं म्हणणं, कंपनीचं जहाज सोडू. पण सुरतेच्या व्यापाऱ्याचा माल तुमच्या झेंड्याखाली फुकट जाऊ देणार नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर टोलनाक्यावर दुसऱ्याच्या गाडीला सरकारी पाटी लावण्यातला प्रकार. यात चूक कुणाची, हे तुम्ही नाक्याच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरतं.

कागदाची ताकद किती, याचा एक दाखला द्यायलाच हवा. कॅप्टन किड हे नाव ऐकलं असेल. इंग्लंडनं त्याला चाच्यांना आणि फ्रेंचांना पकडायला परवाना देऊन पाठवलं. जानेवारी 1698 मध्ये त्यानं कोचीनजवळ 'क्वेदा मर्चंट' हे जहाज पकडलं. आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल, बंगालहून सुरतेला चाललेला, आणि जहाजाकडे पास फ्रेंचांचा. किडचं म्हणणं, फ्रेंच पास आहे, म्हणजे शत्रूचं जहाज, म्हणजे माझी कारवाई कायदेशीर. लंडनच्या खटल्यात ते फ्रेंच पास काही सापडले नाहीत. 1701 मध्ये किड फासावर गेला. आणि दोनशेहून अधिक वर्षांनी ते पास लंडनच्याच सरकारी दप्तरात मिळाले. किड काही साधुपुरुष नव्हता, आपल्याच एका खलाशाला त्यानं बादली फेकून मारलं होतं, आणि त्याबद्दलही त्याला दोषी धरलं. पण चाचा की सरकारी माणूस, हा फरक एका कागदाच्या जागेवर होण्याशी येऊन थांबला.

म्हणून मी पोरांना म्हटलं, दस्तक करा. मोडीत लिहा, बोरूनं. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, कुणीतरी लिहून देईल. जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, माल, कुठून कुठे, आणि खाली शिक्का. आणि एक जण कारकून होऊन तो कागद वाचत उभा राहू दे. फोटो कमी येतील, पण आंग्र्यांचं आरमार म्हणजे काय ते तिथं कळेल.

आता दुसरी बाजू, जी मी जुन्या भागात गिळली होती. नोव्हेंबर 1712 मध्ये कान्होजींच्या लोकांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. तिच्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन होता, तो लढाईत मेला. त्याची तरुण बायको कैद झाली आणि 30,000 रुपये खंडणी मिळाल्यावर तीन महिन्यांनी, फेब्रुवारी 1713 मध्ये सुटली. ही लढाई होती, त्या काळी सगळेच कैद्यांसाठी पैसे मागत, हे सगळं खरं. पण त्या बाईला समोरचा माणूस सरखेल आहे की चाचा याचा काय उपयोग होता? आणि दस्तक नसलेल्या पडावाच्या मालकाला? कान्होजींना चाचा म्हणणं चूकच आहे, पण समुद्रावरची सत्ता म्हणजे काय, ते तिच्या तोंडासमोर येणाऱ्याला गोड कधीच वाटलं नाही. देखाव्यात हे दाखवा असं मी म्हणत नाही. करणाऱ्याला ठाऊक असावं.

इंग्रजांच्या रागात अपमानाचाही वाटा होता, कारण ते सतत हरत होते. 1717 मध्ये विजयदुर्गावर अपयश. 1718 मध्ये खांदेरीवर अपयश. 1720 मध्ये त्यांनी 'फ्राम' नावाचा तरंगता किल्लाच बांधला. सपाट तळाचा, गोळे झेलणाऱ्या जाड भिंतींचा, त्यात 48 पौंडी बारा तोफा. एकेक गोळा जवळजवळ बावीस किलोचा! मोठ्या थाटात विजयदुर्गासमोर नेला, तोफ डागली, आणि गोळा समोर पाण्यात. पुन्हा डागली, पुन्हा पाण्यात. तोफांची भोकं इतकी खाली ठेवली होती की तोफेचं तोंड वर करताच येईना. हे सांगणारा कुणी आपल्या बाजूचा बखरकार नाही. क्लेमंट डाउनिंग नावाचा, कंपनीच्या आरमारात राहून यातल्या मोहिमा पाहिलेला इंग्रज आहे. त्याचं पुस्तक लंडनला 1737 मध्ये निघालं, आणि त्याच्या शीर्षकातच आंग्र्यांना चाचा म्हटलंय. मारता येईना, म्हणून छापलं.

1721 च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले. इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजं, कमोडोर मॅथ्यूज जातीनं हजर. हल्ला फसला. मॅथ्यूजनं संतापून पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली काठी खुपसली, असं डाउनिंग सांगतो. हे पोरांना इतकं आवडलं की त्यांना देखावा बदलून हाच प्रसंग करायचा होता! पण मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. त्या वेळी कान्होजींच्या मदतीला घाटावरून फौज उतरली होती. पिलाजी जाधव आले, आणि स्वतः बाजीराव आले. समुद्रावरच्या माणसामागे डोंगरावरचा माणूस उभा होता, म्हणून कुलाबा वाचला.

आणि आता पस्तीस वर्षं पुढे या.

कान्होजी 1729 मध्ये गेले. मुलांत भांडणं लागली. पेशव्यांनी 1735 मध्ये घर दोन ठिकाणी वाटलं: कुलाब्याला मानाजी, दक्षिणेकडे संभाजी. संभाजींच्या मागून विजयदुर्ग आला तुळाजींकडे. तुळाजी बापासारखा दर्यावर्दी, आणि कुणालाच जुमानणारा नाही. पेशव्यांनाही नाही. त्यांच्या मुलखात त्याच्या धाडी पडत, वसूल येत नसे. नानासाहेबांची तक्रार खोटी नव्हती. पण त्यांनी उपाय काय केला, तर मुंबईकर इंग्रजांशी करार. एप्रिल 1755 मध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला. त्या विजयाचं स्मारक म्हणून लंडनमध्ये एक मनोरा उभा आहे, 'सेव्हर्नड्रूग' नावाचा. सुवर्णदुर्गाचं नाव तिथल्या तोंडी असं झालं. मग फेब्रुवारी 1756. समुद्रावर ॲडमिरल वॉटसन, जमिनीवर क्लाइव्ह, होय, पुढच्या वर्षी प्लासीला दिसतो तोच. आणि खुष्कीच्या बाजूनं पेशव्यांची फौज, रामाजी महादेवांच्या हाताखाली.

आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाच्या खाडीत, किल्ल्याच्या आश्रयाला, एकाला एक लागून उभं होतं. एक पेटता गोळा एका जहाजावर पडला. ते जहाज मुळात कंपनीचंच, आंग्र्यांनी घेतलेलं. ते पेटलं, दोर जळाले, आणि आग पुढे सरकली. गुराबं, गलबतं, सगळं. संध्याकाळपर्यंत कान्होजींपासून जमवलेलं आरमार पाण्यावर जळत होतं. दुसऱ्या दिवशी, 13 फेब्रुवारीला, किल्ला पडला. किल्ल्यातली दहा लाखांच्या घरातली रोकड इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. वाटणी मुंबईतून निघतानाच ठरलेली होती, त्यात मराठ्यांचा वाटा नव्हता. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला आणि मरेपर्यंत कैदेत राहिला.

पेशव्यांनी नंतर विजयदुर्गाला स्वतःचं आरमार उभं केलं, आणि 1783 मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' आणि बरोबरची जहाजं पकडलीही. तेव्हा 1756 ला सगळं संपलं असं म्हणणं बरोबर नाही. पण जे जळलं ते पुन्हा तसं झालं नाही, हे माझं मत. आणि त्या कामाला संमती पुण्यातून गेली होती.

हे मी पोरांना त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, रंगाच्या डब्यांमध्ये बसून सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "काका, आपली मिरवणूक लाल महालाकडे जाणार. शनिवारवाडा हाकेवर. तिथून आपण हेच आरमार मिरवत न्यायचं?" दुसरा म्हणाला, "मग काय, शिवजयंतीला भांडण उकरून काढायचं?" तासभर वाद झाला. मी मध्ये पडलो नाही; मलाही ठरवता येत नव्हतं.

शेवटी त्यांनी जे केलं ते असं. पुढे गुराब, चोचीसकट. त्याच्या पुढे दोर लावलेलं गलबत, बांबूच्या डेकचं, त्यात आठ उघडी पोरं, फेब्रुवारीच्या सकाळी कुडकुडत. गुराबावर कारकून मोडी दस्तक हातात घेऊन, खणखणीत आवाजात नाव, माल, बंदर वाचतोय. आणि ट्रकच्या अगदी मागच्या टोकाला दोन हात लांबीचं एक छोटं गलबत, ब्लो टॉर्चनं भाजून काळं केलेलं. त्याला पाटी लावली नव्हती.

बहुतेकांनी ते बघितलंच नाही. लोक पुढच्या तोफांचे फोटो काढत होते. एका चौकात ट्रक अडकला तेव्हा फुटपाथवरच्या एक आजी मागे आल्या, काळ्या लाकडाला बोट लावून बघितलं आणि विचारलं, "हे रे का जळालंय?" मागे बसलेला पोरगा खाली उतरला आणि त्यांना सांगायला लागला. विजयदुर्गापर्यंत आला तेवढ्यात ट्रक सुटला, तर तो तिथेच थांबला, आणि पूर्ण सांगून मग पळत पळत गाठला.